सात सेकंदांचे आयुष्य

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही अकरावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पाच-सहा लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर आणि सगळीकडे कापलेल्या धातूचा कीस. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अशी हजारो वर्कशॉप्स आहेत. मोठ्या कारखान्यांना लागणारे दांडे, पिना, बुश तिथे तयार होतात.

एका लेथवर चाळीस मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा फिरत होता. त्यावर काम करणारा मुलगा नवा होता. जॉब लवकर उरकावा म्हणून त्याने मिनिटाला २०० फेऱ्यांऐवजी २५० फेऱ्यांचा वेग लावला होता. कीस निळाशार पडत होता. वर्कशॉपचे मालक लांबूनच तो रंग पाहून आले आणि त्यांनी मशीन थांबवले. टूलची धार गेली होती. "पोरांनो, हे टूल दोनशेवर तासभर चालतं. अडीचशेवर दहा मिनिटं. वाचवली किती आणि घालवली किती, तुम्हीच हिशेब करा," असे म्हणून ते टूलला धार लावायला ग्राइंडरकडे निघाले.

परतताना बस खडकीच्या दारूगोळा कारखान्याजवळून गेली. हा कारखाना १८६९ सालचा. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वेग वाढवला की टूल जातं. मग बंदुकीची गोळी तर एवढ्या वेगाने जाते, तिची नळी किती टिकत असेल?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञान, रसायन आणि धातुशास्त्र या तिन्हींची गाठ पडते. म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

नळी किती वेळ काम करते?

सैन्यात आणि शिकारीच्या बंदुकांत जगभर वापरले जाणारे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस उदाहरणादाखल घेऊ. (याच मापाची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात.) गोळीचे वस्तुमान सुमारे ९.५ ग्रॅम आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. नळीची लांबी ६० सेंटिमीटर धरू.

गोळी शून्य वेगापासून निघते आणि ८४० पर्यंत जाते. ढोबळ हिशेबासाठी तिचा सरासरी वेग ४२० धरला, तर ०.६ मीटर अंतराला ०.६ ÷ ४२० = ०.००१४ सेकंद लागतात. म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या आतच सारा खेळ संपतो.

अशा नळीतून चांगल्या नेमाने सुमारे ५००० गोळ्या झाडता येतात असा नेमबाजांचा सर्वसाधारण अनुभव आहे. ५००० × ०.००१४ = ७ सेकंद! उत्तम पोलादाची, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची वस्तू, आणि तिचे प्रत्यक्ष कामाचे आयुष्य अवघे सात सेकंद.

याची तुलना चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या इंजिनाशी करून पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा इंधन पेटते. ५००० वेळा पेटायला २०० सेकंद लागतात. बंदुकीची नळी जन्मभरात जितके स्फोट सोसते, तितके इंजिनाचा सिलिंडर सव्वातीन मिनिटांत सोसतो आणि नंतर वर्षानुवर्षे चालत राहतो. ज्वलनाचे तापमान दोन्हीकडे २००० अंश सेल्सिअसच्या वरच असते. मग नळीचेच असे काय होते?

आरोपी कोण? घर्षण की उष्णता?

पहिला संशय घर्षणावर जातो. गोळी नळीला घासत जाते, म्हणून नळी झिजते, असे कोणीही म्हणेल. पण थोडा विचार करू. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते आणि भोवऱ्याप्रमाणे ती स्थिर राहते. घर्षण हेच मुख्य कारण असते, तर या खाचा नळीच्या तोंडाशी सर्वांत जास्त झिजायला हव्या होत्या, कारण तेथे गोळीचा वेग सर्वाधिक असतो. प्रत्यक्षात उलटे दिसते. सर्वांत जास्त झीज मागच्या बाजूला, काडतूस बसते त्या कोठीच्या लगेच पुढे होते. या भागाला नळीचा घसा म्हणतात. तेथे गोळी नुकतीच हलू लागलेली असते. तिचा वेग अगदी कमी असतो, पण वायूचे तापमान आणि दाब मात्र तेथेच सर्वाधिक असतात.

तेव्हा मुख्य आरोपी गोळी नसून तिच्यामागचा वायू आहे. पुरावा कोठे सापडला यावरून गुन्हेगार ओळखण्याचा हा चांगला नमुना आहे. वर्गात तो जरूर सांगावा.

काडतुसात सुमारे ३ ग्रॅम धूरविरहित दारू असते. तिच्या प्रत्येक ग्रॅममधून साधारण ४ किलोज्यूल ऊर्जा मिळते. हा आकडा ऐकून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल, कारण एक ग्रॅम साखर हवेत जाळली तर याच्या चौपट ऊर्जा मिळते. फरक असा की साखरेला बाहेरून ऑक्सिजन घ्यावा लागतो. दारूच्या रेणूंत तो आधीच असतो, त्यामुळे ती मिलिसेकंदात जळून जाते.

एकूण ऊर्जा झाली १२ किलोज्यूल. गोळीची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.००९५ × ८४० × ८४० ÷ २ = सुमारे ३३५० ज्यूल. म्हणजे जेमतेम २८ टक्के ऊर्जा गोळीला मिळाली. साधारण पाचवा ते चौथा हिस्सा नळीच्या पोलादात शिरतो आणि उरलेली ऊर्जा तप्त वायूबरोबर बाहेर पडते.

केसाएवढ्या जाडीत घडणारी गोष्ट

नळीत २.५ ते ३ किलोज्यूल उष्णता शिरली. नळीचे वस्तुमान दीड किलोग्रॅम धरले आणि पोलादाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे ०.४७ किलोज्यूल धरली, तर नळीचे तापमान एका गोळीला चारएक अंशांनी वाढते. वीस गोळ्या लागोपाठ झाडल्या तर नळीला हात लावता येत नाही, हे त्याच्याशी जुळते. पण ७०-८० अंशांनी तापमान वाढल्याने पोलादाचे काय बिघडणार? पोलाद तर १५०० अंशांच्या आसपास वितळते.

येथेच गोम आहे. चार अंश ही झाली सरासरी, सारी उष्णता सगळ्या नळीत पसरल्यानंतरची. पसरायला वेळ लागतो. उष्णता पोलादात किती खोल जाते याचा ढोबळ अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. पोलादाचा उष्णता-विसरणांक सेकंदाला सुमारे १० चौरस मिलिमीटर आहे. त्याला काळाने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. १० × ०.००१४ = ०.०१४, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ०.१२ मिलिमीटर.

म्हणजे गोळी नळीत असते तेवढ्या वेळात उष्णता जेमतेम केसाच्या जाडीइतकी आत शिरते. त्या पातळ कातडीलाच सारा मार सोसावा लागतो. तिच्या एका बाजूला २५०० ते ३००० अंशांचा वायू, तर दुसऱ्या बाजूला जवळजवळ थंड पोलाद. घशापाशी या कातडीचे तापमान क्षणभर हजार अंशांच्या घरात जाते. बाहेरून हात लावणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

इंजिनात असे का होत नाही? तापमान सारखे असले तरी दाब सारखा नाही. डिझेल इंजिनात दाब वातावरणाच्या दीडशेपट जातो, तर बंदुकीत साडेतीन ते चार हजारपट. दाब जास्त म्हणजे त्याच तापमानाचा वायू तितकाच दाट. दाट वायूचे अधिक रेणू दर सेकंदाला पोलादावर आदळतात आणि तितकी जास्त उष्णता देतात. त्यात हा वायू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने भिंतीला घासत धावतो. उकळत्या पाण्याच्या वाफेवरून हात पटकन फिरवता येतो, पण त्याच तापमानाच्या पाण्यात बुडवता येत नाही. नुसत्या तापमानाने भाजत नाही, उष्णता किती झपाट्याने येते त्यावर ते अवलंबून असते.

या तप्त कातडीवर तीन संकटे येतात.

पहिले संकट यांत्रिक आहे. तापलेली कातडी प्रसरण पावू पाहते, पण मागचे थंड पोलाद तिला पसरू देत नाही. ती दाबली जाते आणि कायमची चेपते. क्षणात थंड होताना तीच आकुंचन पावते, आणि आता तिला ताण बसतो. असे हजारदा झाले की तिला बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशाच जाळीदार भेगा घशाच्या पोलादावर दिसतात.

दुसरे संकट धातुशास्त्रीय. सव्वासातशे अंशांच्या वर पोलादातील लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि एकदम थंड होताना तेथे कडक पण ठिसूळ पोलाद तयार होते. थोडक्यात, प्रत्येक गोळीला कातडीचे हार्डनिंग होते.

तिसरे संकट रासायनिक. जळलेल्या दारूच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. तापलेल्या पोलादात त्यातला कार्बन शिरतो. आपल्या पट्ट्यातल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यांत गिअरच्या दात्यांचे केस हार्डनिंग करतात, ते हेच. तेथे नऊशेवर अंशांना काही तास ठेवून मुद्दाम कार्बन शिरवतात. नळीत तो न मागता शिरतो. कार्बन वाढला की लोखंडाचा वितळणबिंदू उतरतो. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते, तर सव्वाचार टक्के कार्बन असलेले ११४७ अंशांनाच. म्हणजे जी कातडी वितळायला नको होती, तीच आता वितळण्याच्या जवळ येते. पुढच्या गोळीच्या वेळी भेगांच्या कडा मऊ होतात आणि वायूचा झोत त्यांना खरवडून नेतो.

असे करत करत घशातल्या पीळदार खाचा नाहीशा होतात. नळी फुटत नाही, तिला भोकही पडत नाही. पण गोळी आता काही अंतर आधाराशिवाय उडी मारून जाते, किंचित वाकडी होऊन खाचांत शिरते, बाजूने वायू निसटतो. नेम पसरतो, वेग कमी होतो. नळी 'मेली' असे म्हणतात ते या अर्थाने.

वेगाची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लांब पल्ल्यासाठी गोळीचा वेग वाढवायचा तर काय करावे लागते? नळी तीच ठेवून दारू वाढवायची. अमेरिकेत शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या ६.५ मिलिमीटरच्या दोन काडतुसांची तुलना येथे फार उद्बोधक आहे, कारण दोन्हींत ९.१ ग्रॅमची सारखीच गोळी वापरता येते. एक २००७ साली आलेले '६.५ क्रीडमूर' आणि दुसरे १९५० च्या दशकाअखेरीचे '.२६४ विंचेस्टर मॅग्नम'. आकडे ढोबळ आहेत.

क्रीडमूर: दारू २.७ ग्रॅम, वेग ८२५ मीटर, नळीचे आयुष्य २५०० ते ३००० गोळ्या.
मॅग्नम: दारू ४ ग्रॅम, वेग ९२० मीटर, नळीचे आयुष्य १००० ते १५०० गोळ्या.

दारू जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढली, वेग मात्र साडेअकरा टक्क्यांनी. ऊर्जेच्या भाषेत पाहू. पहिल्या गोळीची ऊर्जा सुमारे ३१०० ज्यूल, दुसरीची ३८५०. जास्तीच्या १.३ ग्रॅम दारूने ५२०० ज्यूल आणले, त्यांपैकी गोळीला मिळाले अवघे ७५०, म्हणजे १४ टक्के. पहिल्या २.७ ग्रॅमने मात्र आपल्या ऊर्जेचा २९ टक्के वाटा गोळीला दिला होता. वाढीव दारूची बहुतेक ऊर्जा वायू तापता ठेवण्यात आणि पोलाद भाजण्यात गेली.

घशाला किती मार बसतो याचा एक सोपा निर्देशांक काढता येतो. दारूच्या वस्तुमानाला नळीच्या छिद्राच्या क्षेत्रफळाने भागायचे. ७.६२ मिलिमीटर छिद्राचे क्षेत्रफळ ०.४६ चौरस सेंटिमीटर, तर ६.५ मिलिमीटरचे ०.३३. त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला आपल्या पहिल्या काडतुसात ६.६ ग्रॅम, क्रीडमूरमध्ये ८ ग्रॅम आणि मॅग्नममध्ये १२ ग्रॅम दारू जाते. आयुष्ये याच क्रमाने घटतात: ५०००, अडीच-तीन हजार, हजार-दीड हजार. अरुंद दारातून मोठी गर्दी सोडली की चौकट उखडणारच.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात ५.६ मिलिमीटरची छोटी काडतुसे वापरतात. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग ध्वनीपेक्षाही किंचित कमी, आणि दारू एक दशांश ग्रॅमहूनही कमी. वरचा निर्देशांक काढला तर तो अर्ध्या ग्रॅमच्या आत येतो. अशा रायफलची नळी हजारोंच्या पटीत, पन्नास हजार गोळ्यांनंतरही नेम धरू शकते. घर्षण येथेही असतेच, पण उष्णतेचा मार नसतो. आरोपी कोण, याचा हा दुसरा पुरावा.

टेलरचा नियम आणि भोसरीचे टूल

वर्कशॉपच्या मालकांनी सांगितलेले 'तासभर' आणि 'दहा मिनिटे' हे आकडे उगाच नव्हते. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने धातू कापण्याच्या वेगावर २६ वर्षे प्रयोग केले आणि १९०७ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याला आढळले की हाय-स्पीड स्टीलच्या टूलसाठी कापण्याच्या वेगाचा साधारण आठवा घात गुणिले टूलचे आयुष्य ही राशी स्थिर राहते. वेग २०० वरून २५० केला, म्हणजे सव्वापट केला. १.२५ चा आठवा घात जवळजवळ ६ येतो. म्हणून साठ मिनिटांचे टूल दहा मिनिटांत जाते. मालकांनी टेलरचे नाव ऐकले असेल किंवा नसेल, त्यांचा हिशेब मात्र बिनचूक होता. कार्बाइडच्या टूलला घात चारच्या आसपास असतो, म्हणून ते वाढीव वेग अधिक सोसते.

आता नळीचे आकडे पुन्हा पाहू. वेग १.११५ पट झाला आणि आयुष्य सुमारे २.२ पटीने घटले. १.११५ चा सातवा घात २.१ येतो आणि आठवा २.४. म्हणजे येथेही घात सात-आठच! मात्र विद्यार्थ्यांना येथे सावध करायला हवे. दोन काडतुसांवरून नियम सिद्ध होत नाही, आणि टूलची झीज व नळीची झीज या वेगवेगळ्या घटना आहेत. आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग समजावा. पण दोन्हीकडे आयुष्य वेगाच्या सरळ प्रमाणात न घटता झपाट्याने कोसळते, हा योगायोग नाही. पदार्थाचा पृष्ठभाग त्याच्या सोसण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर काम करत असतो. तेथे तापमान थोडेसे वाढले तरी मऊ होणे, अणूंचे सरकणे, रासायनिक क्रिया या साऱ्यांचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

तोफेची गोष्ट

वेगाच्या हव्यासाचे टोक गाठले ते पहिल्या महायुद्धात जर्मनीने बनवलेल्या 'पॅरिस तोफे'ने. मार्च १९१८ मध्ये तिने सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा सुरू केला. गोळ्याचा वेग सेकंदाला १६०० मीटरच्या घरात होता आणि दारूचे वजन गोळ्याच्या वजनापेक्षा जास्त होते. नळी ६० ते ६५ गोळ्यांत संपत असे. प्रत्येक गोळ्यागणिक नळी इतकी रुंदावे की गोळ्यांना क्रमांक दिलेले असत आणि पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा बनवलेला असे. क्रम चुकला तर गत्यंतर नव्हते.

पुण्याशी निगडित उदाहरण अधिक संयमाचे आहे. पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्था (स्थापना १९५८) हिने 'अ‍ॅटॅग्ज' ही १५५ मिलिमीटरची तोफ विकसित केली. मुंढव्याची भारत फोर्ज आणि टाटा समूहाची कंपनी हे तिचे उत्पादक भागीदार. २०१७ साली पोखरणच्या चाचण्यांत तिने ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला आणि मार्च २०२५ मध्ये सैन्यासाठी ३०७ तोफांचा करार झाला.

तिच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ५२ पट, म्हणजे ८.०६ मीटर आहे. १९८६ च्या करारानुसार आलेल्या बोफोर्सची ३९ पट, म्हणजे सुमारे ६ मीटर होती. वेग वाढवण्याचा हा दुसरा मार्ग. नळी लांब केली की वायूला गोळ्याला ढकलायला अधिक वेळ मिळतो, आणि घशावरचा भार वाढत नाही. मात्र नळी जड होते आणि वाहून न्यायला अवघड होते. अ‍ॅटॅग्जमध्ये दारूची कोठीही नेहमीच्या २३ लिटरऐवजी २५ लिटरची आहे. तो पहिला मार्ग. कोणत्या मार्गाने किती जायचे हे ठरवणे म्हणजेच तोफेची रचना.

तोफखान्यात प्रत्येक नळीची वही ठेवतात. पण तीत नुसती गोळ्यांची संख्या मोजून चालत नाही. जवळच्या लक्ष्यासाठी कमी दारू वापरली तर ती एका पूर्ण गोळ्याचा काही अंशच धरतात, कारण तितकीच झीज होते. या बेरजेवरून नळी केव्हा बदलायची ते ठरते. झिजलेल्या नळीतून सुटलेला गोळा कमी वेगाने जातो आणि आखूड पडतो. पुढे आपलेच जवान असतील तर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. झिजेचा अभ्यास हा म्हणूनच केवळ काटकसरीचा विषय नाही.

उपाय

पहिला उपाय पोलादाला अंगरखा घालणे. नळीच्या आत क्रोमियमचा पातळ मुलामा देतात. क्रोमियम १९०७ अंशांना वितळते आणि त्यात कार्बन सहजी शिरत नाही. पण मुलाम्यालाही बारीक चिरा जातात आणि त्यांतून वायू खालच्या पोलादापर्यंत पोहोचतो.

दुसरा उपाय दारू 'थंड' करण्याचा. गोळीला ढकलतो तो दाब, आणि दाब वायूच्या रेणूंची संख्या गुणिले तापमान यांवर अवलंबून असतो. रेणू वाढवले तर तापमान कमी ठेवूनही तोच दाब मिळतो. मोठ्या तोफांच्या दारूत नायट्रोग्वानिडीन घालतात ते यासाठी. त्यातून भरपूर नायट्रोजन मिळतो आणि ज्योत कमी तापते. तोफांच्या दारूवरील असे संशोधन पुण्यातच, सुतारवाडीच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत चालते.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त: घाई न करणे. तापलेल्या नळीत पुढची गोळी झाडली तर कातडीचे तापमान आणखी वरून सुरू होते. त्याच हजार गोळ्या थांबून थांबून झाडल्या तर नळी जास्त टिकते.

मग वाढीव वेगाने शेवटी मिळते काय? आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा प्रश्न आपण केवळ कागदावर सोडवू. ४०० मीटरवरचे लक्ष्य घ्या आणि हवेचा विरोध सोडून द्या. ८२५ मीटर वेगाच्या गोळीला ०.४८५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने १.१५ मीटर खाली येते. ९२० मीटर वेगाची गोळी ०.४३५ सेकंदात ९३ सेंटिमीटर खाली येते. फरक २२ सेंटिमीटरचा. हवेचा विरोध धरला तर तो थोडा वाढेल. पूर्वी अंतर डोळ्यांच्या अंदाजाने ठरवावे लागे, तेव्हा या फरकाला मोल होते. आता लेसरने अंतर नेमके मोजता येते आणि दुर्बीण तेवढी वर उचलता येते. म्हणूनच गेल्या काही वर्षांत लांब पल्ल्याचे नेमबाज अफाट वेगाच्या काडतुसांकडून मध्यम वेगाच्या, पण लांबट आणि हवेत कमी अडणाऱ्या गोळ्यांकडे वळले आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. सिलिंडरच्या आकाराच्या दोन सारख्या मेणबत्त्या घ्या. एक गरम तव्यावर क्षणभर टेकवून उचला, दुसरी तशीच टेकवून सावकाश दहा मोजा. पहिलीचा किती थर मऊ झाला आणि दुसरीचा किती, हे पाहून उष्णता आत शिरायला लागणाऱ्या वेळाविषयी चर्चा करा.

२. पॅरिस तोफेची नळी ३० मीटर लांब धरून, तिच्या ६५ गोळ्यांचे मिळून कामाचे आयुष्य किती सेकंद येते ते काढायला सांगा. (उत्तर सुमारे अडीच सेकंद.)

३. जवळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन एखाद्या टूलचा वेग आणि दोन धारांमधला काळ अशा तीन-चार जोड्या विचारून आणा. दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा. रेषा सरळ आली तर तिच्या उतारावरून टेलरचा घात मिळेल.

तिसरा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच भोसरीच्या वर्कशॉपमध्ये केला. मालकांनी जुन्या वहीतून आकडे काढून दिले. आलेख पूर्ण झाल्यावर ज्या मुलाने वेग वाढवला होता, त्याने तो मागून घेतला आणि आपल्या लेथशेजारच्या भिंतीवर चिकटवला.